युद्ध हरलात? हरकत नाही

समजा, तुम्ही अमेरिकेच्या दक्षिणेतले गोरे मळेवाले आहात आणि गुलामगिरीवरून उत्तरेशी झालेलं यादवी युद्ध हरलात. साधंसुधं नाही, चार वर्षं चाललेलं, लाखो माणसं गिळलेलं. ९ एप्रिल १८६५ला व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स गावी एका घराच्या दिवाणखान्यात तुमच्या सेनापतीने शरणागतीवर सही केली. कालपर्यंत ज्यांना तुम्ही लिलावात दात तपासून विकत घेत होता, ती चाळीस लाख माणसं मोकळी झाली. तुम्हाला अन्न गोड लागत नसेल, कळतं. पण 'युद्धात कमावलं आणि तहात गमावलं' असं जे हळहळतात, ते जिंकणाऱ्याच्या बाजूचे असतात. तुम्ही दुसऱ्या बाजूला आहात. तुमची कमाई आता सुरू होते आहे.

आधी माफीचा अर्ज करा. शरणागतीनंतर पाच दिवसांनी लिंकनला गोळी लागली आणि गादीवर आले टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन. त्यांनी मे महिन्यातच सरसकट माफी जाहीर केली. वीस हजार डॉलरांच्या वर मालमत्ता असणाऱ्यांनी तेवढा स्वतंत्र अर्ज करायचा होता. करा, लाजू नका. अर्ज मंजूर होतात आणि माफीबरोबर जमीनही परत येते. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावर मुक्त झालेल्या कुटुंबांनी त्या जमिनी कसायला घेतल्या होत्या. ऑक्टोबरात मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड तिथल्या चर्चमध्ये त्यांना सांगायला गेले, की जमीन जुन्या मालकाची. ती सांगण्याची वेळ तुमच्यावर आली नाही, हेही माफीतच धरा.

आता पहिली चूक. ती सगळेच करतात: घाई. १८६५ संपायच्या आत मिसिसिपीने कायदे केले. काळ्या माणसाकडे दर जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा हवा, नाहीतर तो भटक्या; दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. साउथ कॅरोलायनात शेतमजुरी नि घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर परवाना: कारागिराला १० डॉलर, दुकानदाराला १००. सगळं छान होतं, पण कायद्यात रंग लिहिलेला! उत्तरेत बोंब झाली. जॉन्सनचा नकाराधिकार मोडून १८६६चा नागरी हक्क कायदा झाला, दुसऱ्या वर्षी दक्षिणेत लष्कर बसलं, मग राज्यघटनेत नागरिकत्व देणारी चौदावी आणि रंगावरून मत नाकारायला बंदी घालणारी पंधरावी दुरुस्ती आली. म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

आपल्याकडच्या जुन्या बायकांकडून शिका. नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढत नसत. 'अहो' म्हटलं की अख्ख्या वाड्याला कळे. कायदा तसा लिहावा.

तोवर कीस पाडायची सवय ठेवा. १८६८मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने निवडून आलेल्या कृष्णवर्णीय सभासदांना बाहेर काढलं, कारण राज्यघटनेत मत द्यायचा हक्क होता, पण निवडून यायचा हक्क आहे असं कुठे लिहिलं होतं? १८७०मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटात आले तेव्हा हरकत निघाली, की सिनेटर नऊ वर्षांचा नागरिक हवा आणि हे तर १८६८पासूनच नागरिक. माणूस जन्मला इथेच, पण नागरिक म्हणून वय वर्षं दोन. हरकत फेटाळली गेली, ४८ विरुद्ध ८. तरी कल्पनेला दाद द्या.

मारामारी करायचीच असेल तर खासगीत करा. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुईझियानातल्या कोलफॅक्सला कचेरी धरून बसलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांनी हल्ला केला, कचेरी पेटवली, शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. सत्त्याण्णव जणांवर आरोप, शिक्षा तिघांना. १८७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. चौदावी दुरुस्ती राज्य सरकारला बांधते, खासगी माणसाला नाही!

त्याच १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना सोडवताना दाखवलेल्या औदार्यासाठी. जोतीराव चुकले नव्हते, ते लोक होतेच. फक्त त्याच वर्षी तिकडे बँका बुडू लागल्या होत्या आणि औदार्याला कंटाळा येऊ लागला होता. तुमची खरी फौज ती: समोरच्याचा कंटाळा. १८७७मध्ये अध्यक्षपदाचा वाद १८५ विरुद्ध १८४ मतांनी मिटला, हेज अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतलं उरलंसुरलं लष्कर बराकीत गेलं. १८८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी लिहूनच टाकलं, की गुलामीतून सुटलेल्या माणसाने कधीतरी कायद्याचा खास लाडका असणं सोडून साधा नागरिक व्हायला हवं. किती ते लाड! अठरा वर्षं.

आता शांतपणे, नाव न घेता, कामाला लागा. साउथ कॅरोलायनाने १८८२मध्ये आठ मतपेट्यांचा कायदा केला. टेबलावर पेट्या मांडलेल्या, प्रत्येक पदाची वेगळी. गव्हर्नरची चिठ्ठी दुसऱ्या पेटीत पडली की बाद. वाचता येत नसेल तर कोणाकडून तरी क्रम पाठ करून यावा. तोवर टेबलामागचा माणूस पेट्या इकडच्या तिकडे करतो. कोणी कोणाला अडवत नाही. आपल्याकडे ज्याने खिडकीवर 'एक झेरॉक्स कमी आहे' हे ऐकलंय, त्याला यातलं सौंदर्य कळेल.

मिसिसिपीने १८९०मध्ये वर्षाला दोन डॉलर मतदान-कर बसवला. पावती नाही, तर मत नाही. आणि गंमत ऐका: हा कर वसूल करायला फौजदारी कारवाई करायची नाही, असं राज्यघटनेतच लिहून ठेवलं. लोकांनी भरू नये म्हणून बसवलेला कर! शिवाय घटनेचं कलम वाचता यावं, किंवा ऐकून त्याचा वाजवी अर्थ सांगता यावा. वाजवी कोणता, ते कारकून ठरवणार. १८९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं, यात रंगाचा उल्लेख कुठेच नाही. मग कसला भेदभाव?

गोरे निरक्षर अडकतील ही काळजी नको. त्याच वर्षी लुईझियानाने सांगितलं, १ जानेवारी १८६७ला ज्यांना मत होतं त्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना परीक्षा माफ. कृष्णवर्णीयांना मत देणारा कायदा आला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. दोनच महिने चुकले बिचाऱ्यांचे आजोबा. १८९६मध्ये तिथल्या यादीत १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार होते, १९०४मध्ये १,३४२. पंधरावी दुरुस्ती जागच्या जागी होती, कोणी तिच्या कान्यामात्रेलाही हात लावला नव्हता.

राहिली पाटी. ती विसरू नका. कोलफॅक्सला सरकारने १९५०च्या सुमारास लावली: इथे दंगल झाली, तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले, आणि गालिच्याच्या पिशव्या घेऊन उत्तरेतून आलेल्या उपऱ्यांच्या गैरकारभाराचा दक्षिणेत अंत झाला. मजकूर तयारच आहे, फक्त गावाचं नाव बदला. खांब मात्र खोल पुरा. त्यांची २०२१मध्ये उखडली.