पाठपोट काढू काय?

आधारकार्डाच्या झेरॉक्सवर माझं तोंड काळं आलं म्हणून खिडकीतल्या बाईंनी कागद परत सारला. "हे तुम्हीच काय?" अहो, मी समोर उभा आहे की! "समोरचं नको. कागदावर दिसाय पायजे."

आलो तणतणत बिंदू चौकात. दुकानात माझ्यापुढं एक मामा. पांढरी टोपी, हातात दुधाची पिशवी, पिशवीत आजोबांच्या वेळचा हाती लिहिलेला सातबारा.

"मामा, पाठपोट काढू काय?"

"पोट कशाला? नाव हाय तेवढ्याच अंगानं काढ."

तीन प्रती निघाल्या. मामांनी मूळ कागद उजेडाला धरला, डोळे बारीक केले.

"फिका पडला की रं."

"आधीच फिका हाय त्यो."

"मग ह्या तिन्हीवर शाई कुठनं आली?"

"मशीनमधनं."

"मशीनला माझ्या आज्याचं नाव कसं ठावं?"

पोरगा गप्प. मला राहवेना. म्हटलं, मामा, चेस्टर कार्लसन नावाचा माणूस होता अमेरिकेत. पेटंटच्या कामात नकला करून हात दुखायला लागले त्याचे. मग २२ ऑक्टोबर १९३८ला त्यानं गंधक लावलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासला, म्हणजे त्यावर वीज बसली. उजेड पडला तिथली वीज उडाली, अक्षरांच्या सावलीत राहिली. तिथंच भुकटी चिकटली...

"घासला न्हवं?" मामा पोराकडं वळले. "ह्यो शिकलेला माणूस सांगतोय बघ. घासल्यावर फिकं पडणारच!"

पोरगा माझ्याकडं जे बघत होता, ते अजून खुपतंय.

१९५९च्या झेरॉक्स ९१४ यंत्रात कागद पेटायचे, म्हणून सोबत आग विझवायचं नळकांडं द्यायचे म्हणे. तसलं एक मला द्यायला हवं होतं. आधार सरकारनं दिलं, नंबर सरकारकडं, बोटांचे ठसे सरकारकडं. तरी त्याच्या तीन प्रती मीच काढायच्या आणि खाली 'सत्यप्रत' लिहून सहीही मीच ठोकायची. मग मामांचं काय चुकलं?

बाकी, दुकानातनं निघताना मीही आधारकार्ड हळूच उजेडाला धरून बघितलं.

खिडकीवर बाईंनी नव्या झेरॉक्सकडं ढुंकूनही बघितलं नाही. गठ्ठ्यात घातली, स्टेपलर हाणला. पिन बरोबर माझ्या कपाळात.