बाइट द्यावा कसा?

प्राध्यापक बंधुभगिनींनो, पंचवीस वर्षे फौजदारी कायदा शिकवून जी कीर्ती मला मिळाली नव्हती, ती गेल्या महिन्यात एका वृत्तवाहिनीने माझ्या आठ सेकंदांच्या बाइटने, म्हणजे पडद्यावर दाखवलेल्या एका वाक्याने, मिळवून दिली. तुम्ही विधी विभागात असा, न्यायवैद्यक शिकवत असा, मानसोपचार किंवा सार्वजनिक आरोग्य, हा मान आज ना उद्या तुमच्याही दारी चालत येणार आहे. त्या वेळी धांदल उडू नये, म्हणून अनुभवाचे चार बोल.

फोन आला की विषय कोणता, हे विचारत बसू नका. वाहिनीच्या वहीत तुमचा क्रमांक तुमच्या अभ्यासामुळे नव्हे, तर मागच्या वेळी तुम्ही पहिल्या रिंगला फोन उचललात म्हणून टिकून आहे.

मागे पुस्तकांचे कपाट असावे. ती वाचलेली असण्याची अट नाही.

आरोग्याचे तज्ज्ञ असाल, तर निदान कसे स्वयंपाकघरात शिरेल असे असावे. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गिलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापक बाईंनी नेमकी इथे चूक केली. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, बहुतेक रुग्ण बरे होतात, कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडतो आहे म्हणजे आधी पाण्याकडे पाहा, पाणी उकळून प्या आणि नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन उरते का ते मोजा, असे त्या शांतपणे सांगत होत्या. निवेदकाने त्यांना मध्येच तोडून विचारले, "म्हणजे मॅडम, चिकन बंद करायचं का?" बाई म्हणाल्या, "नीट शिजवून खा." खालची पट्टी तत्परतेने बदलली: "चिकन खाताय? सावधान!" आमच्या कोपऱ्यावरचा चिकनवाला पुढचे पंधरा दिवस दुपारीच शटर ओढून घरी जात होता. क्लोरीनची पट्टी काही कोणी चालवली नाही.

मानसोपचाराच्या प्राध्यापकांना तर रुग्ण पाहण्याचीही गरज नाही. 2020 मध्ये एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर, ज्यांनी त्याला कधी तपासले नव्हते अशा मंडळींनी त्याचे मन महाराष्ट्रासमोर उलगडून दाखवले होते. रुग्णाच्या मानसिक उपचारांची माहिती त्याच्या संमतीविना माध्यमांना देऊ नये, असे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 24 व्या कलमात लिहिले आहे, पण जो आपला रुग्णच नव्हता त्याची कसली आली गोपनीयता? मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 रोजी माध्यमांनी पडद्यावरच चालवलेल्या अशा खटल्यांवर सविस्तर निकाल दिला आणि मृत व्यक्तीला मनाने दुबळी ठरवू नका, गुन्ह्याचे नाट्यरूपांतर करू नका, पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा असल्यासारखा दाखवू नका, असे बजावले. तो निकाल मी दर वर्षी वर्गात शिकवतो. वर्गाबाहेर कोणी वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

गुंगीचे औषध देऊन जबाब घेणाऱ्या नार्को चाचणीविषयी विचारले, तर "सत्य बाहेर येईलच" एवढेच म्हणा. संमतीविना ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात 2010 मध्येच सांगितल्याचा उल्लेख करू लागलात की लगेच ब्रेक घेतात.

गाडी न्यायला येते. परत सोडायला येईलच, असे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि ती व्याकरणाची आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि वाहिनीची कात्री नेमकी त्याच्या अलीकडे चालते. गेल्या महिन्यात एका प्रकरणात सतरा वर्षांच्या मुलाला जामीन मिळाला, तेव्हा वार्ताहर आणि कॅमेरामन माझ्या घरी आले. त्यांनी टेबलावरचा तांब्या हलवला, पडदा ओढला, आवाज येतो म्हणून पंखा बंद केला आणि भर उन्हाळ्यात मला बावीस मिनिटे बोलायला लावले. मी बोललो. 19 मे 2024 ला पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा त्याच्या जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर देश चिडला आणि ते चिडणे रास्तच होते. परंतु मुलावर सज्ञान समजून खटला चालवावा की नाही, हा प्रश्न संतापाने सुटत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयोगटासाठी हे ठरवणारी चौकशी ज्यात किमान शिक्षाच सात वर्षे किंवा अधिक आहे, अशा गुन्ह्यांतच होते. कल्याणीनगर प्रकरणात लावलेल्या, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या सदोष मनुष्यवधाला कमाल जन्मठेप असली, तरी किमान शिक्षा सांगितलेली नव्हती. आणि किमान शिक्षा न सांगितलेले असे गुन्हे त्या चौकशीच्या वर्गात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये म्हटलेले आहे. हे सगळे उलगडून झाल्यावर मी शेवटी म्हणालो, "ही कायद्यातली पळवाट आहे, असं म्हणणं चुकीचं आहे. ही संसदेने विचारपूर्वक केलेली तरतूद आहे, पटत नसेल तर संसदेत बदला."

रात्री नऊ वाजता माझा घामेजलेला चेहरा दिसला. "ही कायद्यातली पळवाट आहे." पूर्णविराम. खाली पट्टी: "कायद्यातच पळवाट! विधितज्ज्ञांचा खळबळजनक दावा."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "काय सर, श्रीमंतांच्या पोरांना पळवाटा शोधून देता म्हणे!" वर्गातल्या एका मुलीने ती चित्रफीत गटावर टाकून नम्रपणे विचारले होते, "सर, परीक्षेत कोणतं उत्तर लिहायचं?" वार्ताहराला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, मी पूर्ण पाठवलं होतं, डेस्कने कापलं." या डेस्कला, म्हणजे वाहिनीच्या संपादन कक्षाला, नाव नसते, चेहरा नसतो, फोन नसतो. बावीस मिनिटे उकडून घेतलेल्या माणसाचे वाक्य अर्ध्यावर तोडायला त्याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि त्या तुटक्या वाक्याने उद्या बाल न्याय मंडळापुढच्या कोणाचे काय होईल, याचे त्याला सोयरसुतक नसते.

पण डेस्कवर चिडून मी तरी काय साळसूदपणा मिरवू? खुलासा करायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाहिनीवर गेलो. खुलाशाला चाळीस सेकंद मिळाले आणि उरलेल्या वेळात मी त्या प्रकरणाच्या पोलीस तपासावर मत देऊन आलो. प्राथमिक माहिती अहवाल मी वाचलेला नव्हता.

म्हणून आता सरळच सांगतो, आणि यात मीही आलो. वार्ताहर पंचविशीतला मुलगा आहे, दिवसाला पाच बातम्या पुऱ्या करायच्या असतात त्याला. आपल्याला कोणती घाई असते? विद्यार्थ्याने प्रबंधात एक वाक्य बिनसंदर्भाचे लिहिले, तर आपण त्याला सहा महिने फेऱ्या मारायला लावतो, आणि न पाहिलेल्या शवविच्छेदन अहवालावर, न तपासलेल्या रुग्णावर, न वाचलेल्या दोषारोपपत्रावर रात्री नऊला छातीठोक बोलून येतो. आपल्या नावापुढे विद्यापीठाचे नाव लागते, म्हणून लोक ते खरे मानतात. "हा माझा विषय नव्हे" म्हणायला लाज कसली वाटते? पंधरा दिवस त्या चिकनवाल्याने काय खाल्ले, हे आपल्यापैकी एकाने तरी विचारले का? परवा आमच्या ओळखीतलेच एक सर "शिक्षा निश्चित" असे वाहिनीवर सांगून आले आणि सकाळी साडेसातच्या तासाला, गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष असतो, हे शिकवायला उभे राहिले. मागच्या बाकावरची दोन मुले हसली, तर सरांनी त्यांना वर्गाबाहेर काढले. बाहेर कोणी जायला हवे होते, सर?