अडीच तास का लागले, आणि अहवालातली ती ओळ

नमस्कार. बायपास झालेल्या वडिलांना आमच्या सेंटरवर सकाळी आठला बोलावून साडेदहाला हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन केला, ऑपरेशनचे जुने कागद परत परत मागितले, आणि शेवटी ‘मूळ धमन्यांचं नक्की सांगता येत नाही’ असं लिहून पूर्ण पैसे घेतले, ही तुमची तक्रार वाचली.

उशीर का होतोय हे उपाशी बसलेल्या वडिलांना कुणीतरी जवळ येऊन सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही, ही चूक आमचीच. मनापासून माफी मागतो.

वेळ गेला तो नाडी उतरायला. हृदय हलत असताना फोटो काढायचा, म्हणून ठोके मिनिटाला साठ-पासष्टच्या आत लागतात. त्यासाठीची गोळी लागू पडायला तासभर तरी जातो. घाई केली की चित्र फिसकटतं, आणि डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) व रेडिएशन दोन्ही वाया.

कागदांचं म्हणाल तर बंद पडलेल्या ग्राफ्टचा (बायपासमध्ये जोडलेल्या रक्तवाहिनीचा) कधी नुसता बुडखा दिसतो, कधी तोही नाही. छातीतली धमनी कुठे जोडली, पायाच्या शिरेचे किती ग्राफ्ट घातले, हे ठाऊक नसेल तर एखादा दिसत नाही हेच लक्षात येत नाही.

तुमच्या वडिलांचा अहवाल इथे उघड करणार नाही, सर्वसाधारण सांगतो. ग्राफ्ट रुंद असतात आणि कमी हलतात, त्यामुळे सीटीत ते चांगले दिसतात. बायपास झालेल्यांच्या मूळ, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या, धमन्यांत मात्र बरंच कॅल्शियम साठलेलं असतं. ते आहे त्याहून मोठं दिसतं आणि अरुंदपणा वाढवून दाखवतं. ऑपरेशनच्या धातूच्या क्लिपांचीही चित्रात चकाकी येते. अशा जागी अंदाजाने ‘७० टक्के अरुंद’ लिहिणं आम्हाला सहज जमलं असतं, पण त्या आकड्यावर पुढचे निर्णय होतात. म्हणून ती ओळ मी बदलणार नाही. तिच्यामुळे पुढे तारेची अँजिओग्राफी (हातातून किंवा मांडीतून बारीक नळी घालून करतात ती) करायची का, हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील.

बडोद्यात इतकी मराठी घरं, आणि आमचा सूचनांचा कागद फक्त गुजराती-इंग्रजीत, याची मला लाज वाटते. तो आता मराठीतही छापतोय. शिवाय तीन तास हाताशी ठेवून या, असं फोनवरच सांगायला लावलं आहे.

सीडी आणि ऑपरेशनचे कागद घेऊन संध्याकाळी पाचनंतर कधीही या. आमचे रेडिओलॉजिस्ट चित्रं समोर ठेवून समजावतील, त्याचे पैसे नाहीत. मात्र वडिलांच्या छातीत पुन्हा दुखू लागलं, तर आमच्याकडे येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.