हक्काच्या कामासाठी दिलेले पैसे

जालन्याकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या जो वाद चालू आहे, त्याने ग्लासगोत राहूनही माझी झोप उडाली आहे. मंडळीतल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याने आत्महत्या केली. सातबारा कुटुंबाच्या नावावर आहे, बँकेचे कर्ज थकलेले आहे, वसुलीची नोटीस आलेली आहे. म्हणजे सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरायला जे लागते ते सगळे आहे. तरीही फाइल एका टेबलावरून पुढे सरकत नाही, कारण तिथल्या माणसाला पैसे हवे आहेत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीतल्या काहींचे म्हणणे असे की, वर्गणी काढून ते देऊन टाकावेत आणि त्याच्या विधवेला मोकळे करावे. हक्काच्या कामासाठी दिलेली लाच पाप नव्हे, शास्त्रात दोष घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

त्यांच्या दयेबद्दल मला शंका नाही. राग आहे तो त्या दयेला दिलेल्या शास्त्राधाराबद्दल. बायबलातल्या नियमशास्त्रातली लाचेची आज्ञा मुख्यतः न्याय करणाऱ्याला उद्देशून आहे, हे खरेच आहे; पण ती कोणत्या आज्ञेच्या शेजारी उभी आहे तेही पाहावे. निर्गमाच्या 23व्या अध्यायातले 7वे वचन निर्दोषाचा जीव घेऊ नका असे सांगते आणि लगेच 8वे वचन लाच घेऊ नका, ती डोळसालाही आंधळे करते असे बजावते. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात निर्दोषाला मारण्यासाठी लाच घेणारा शापित ठरतो. 26व्या स्तोत्रात रक्तपाती माणसे आणि लाचेने भरलेले हात एकत्र येतात. संदेष्टा मीखा यरुशलेमेच्या पुढाऱ्यांना रक्ताने नगर बांधल्याबद्दल आणि पैसे घेऊन न्याय केल्याबद्दल एकाच दमात दोषी धरतो. लाच म्हणजे चहापाणी आणि खून म्हणजे वेगळा गुन्हा, ही विभागणी आपण केलेली आहे, संदेष्ट्यांनी नव्हे.

यामागचे कारण उत्पत्तीच्या 9व्या अध्यायात आहे: मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, म्हणून त्याच्या रक्ताचा जाब घेतला जातो. गणनाच्या 35व्या अध्यायात तर खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेण्यासही मनाई आहे, कारण गेलेल्या जिवाचा हिशेब पैशाने मिटत नाही. आपल्याकडे अशा शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळते ती मदत 1 लाख रुपयांची. त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. एका मनुष्याच्या पश्चात एवढेच उरत असताना त्यातही ज्याला वाटा हवा आहे, त्याने त्या मृत्यूवर दर लावला आहे, आणि तो दर मंडळीने भरला तर पुढच्या विधवेसाठी तोच ठरलेला राहील.

देणाऱ्याबद्दल शास्त्र गप्प आहे असे म्हणणाऱ्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा 24वा अध्याय पुन्हा वाचावा. बंदीत असलेला प्रेषित पौल निर्दोष होता, सुटका त्याच्या हक्काची होती, आणि रोमी सुभेदार फेलिक्स त्याच्याकडून पैशाची आशा धरून त्याला वारंवार बोलावत होता. 2 वर्षे गेली, फेलिक्सच्या जागी दुसरा आला, पौल बंदीतच राहिला; पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. पैसे दिल्याचा उल्लेख कुठेही नाही. मात्र पौलाने ती किंमत स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि इथे ती एका बाईच्या लेकरांना मोजावी लागणार आहे. हा फरक मला मान्य आहे, आणि म्हणूनच केवळ ‘नाही’ म्हणून थांबण्याचा मंडळीला अधिकार नाही.

“तुम्हाला तिकडे बसून बोलायला काय जाते?” असे मला सुनावले गेले. इथे स्कॉटलंडमध्ये कामावर असताना अपघातात कोणी मेला, तर प्रोक्युरेटर फिस्कलला, म्हणजे सरकारी अभियोक्त्याला, त्याची चौकशी करावी लागते आणि सहसा शेरीफपुढे, म्हणजे न्यायाधीशापुढे, सुनावणी होते. मृताच्या घरच्यांना कोणाच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहावे लागत नाही. इथल्या सरकारांची पापे मला कोणी मोजून दाखवावीत, ती असतीलही. पण मेलेल्या मजुराची नोंद फुकट होते, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि ती विसरायला मी तयार नाही.

तरी खरे सांगायचे तर मला टोचले ते ‘तिकडे’ हा शब्द ऐकून. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, त्या परंपरेतले आमचे घर. गावात आम्हाला परक्यांच्या धर्माचे म्हणत आणि इथल्या चर्चमध्ये जालना कुठे आहे हे मला दर वेळी सांगावे लागते. मंडळीच्या वहीत माझे नाव अजून आहे, ते खोडावे असे मला एकदाही वाटले नाही, आणि त्या नात्यानेच मी हे लिहितो आहे.

वर्गणी जरूर काढावी, पण ती उघडपणे त्या बाईच्या हाती द्यावी. त्यानंतर पाळकसाहेब आणि कमिटीतल्या दोघांनी तिच्याबरोबर लाचलुचपत प्रतिबंधक विभागात जावे. 1064 हा क्रमांक त्यासाठीच आहे. 2018च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि बळजबरीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवावे लागते, हेही पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे. माझा वाटा मी खजिनदारांकडे पाठवला आहे आणि तो फक्त त्या बाईसाठी आहे असे सोबत लिहून दिले आहे.