मूठ कुणाची?

सासूबाई फोनवर सावजी मटणाची कृती सांगत होत्या आणि मी शहाण्यासारखा वही-पेन घेऊन बसलो होतो. सुकं खोबरं किती, खसखस किती, दगडफूल किती, ज्वारी किती, सगळं लिहून घेतलं. मिरचीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "मूठभर." मी लिहिलं, मूठभर. कुणाची मूठ, हे विचारायचं राहून गेलं. सासूबाईंची उंची पावणेपाच फूट. माझ्या मापाचे हातमोजे दुकानात मिळत नाहीत.

हा उपद्व्याप मुळात करायचा कशाला? तर लग्नाला 11 वर्षं झाली, आणि दर खेपेला नागपुरात जेवायला बसलो की सासऱ्यांची आतल्या दिशेनं हाक जाते, "जावईबुवांचं फिकं वेगळं काढलं ना?" मग दोन वाट्या येतात. एक माझी, एक माझ्या सात वर्षांच्या मुलीची. गेल्या दिवाळीपासून मुलगी मोठ्यांच्या पातेल्यातलं खायला लागली. आता एकच वाटी येते.

तेव्हा ठरवलं, यावेळी ते पुण्यात येतील तेव्हा मटण मी करणार. सावजी. हे मूळचं हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसाचं. मी दिवसभर संगणकासमोर बसतो. बैठक तीच, एवढा आधार मला पुरला.

मिरची सासूबाईंनीच पाठवली होती, भिवापूरची. पुण्यात मी ब्याडगी आणतो असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "ते तर कुंकू हाय बाप्पा." रंग दांडगा, जाळ नाही, म्हणून.

आता थोडी सावधगिरी म्हणून मी मिरच्यांच्या बिया काढून टाकल्या. तिखटपणा बियांत असतो अशी माझी चाळीस वर्षांची समजूत. तो असतो बिया जिथं चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत. म्हणजे मी अर्धा तास बसून, नखांनी खरवडून, सगळा जाळ पातेल्यातून कमी न करता माझ्या दहा बोटांवर घेतला. आणि मग डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं, म्हणून तो चोळला.

पुढची दहा मिनिटं बेसिनपाशी गेली. मिरचीतलं ते जे काही असतं ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. साबणानं हात धुण्याआधी बोटांना तेल चोळायला हवं होतं. हे मला बायकोनं सांगितलं, दारात उभं राहून, शांतपणे. डोळ्यात तेल घालून पाहणे म्हणजे काय, ते त्या दिवशी कळता कळता राहिलं.

मिरच्या भाजायच्या वेळी मी मुलीचा पोहण्याचा चष्मा लावला. गुलाबी, काचांच्या कडेला मासे. मिरच्या तव्यावर पडल्या आणि जो खकाणा उठला त्यानं आधी मी, मग बायको, मग वरच्या मजल्यावरचे काका असे क्रमानं ठसकत गेलो. सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली, "कुणाकडे गॅस लीक होतोय का?" बेल वाजली. दारात अध्यक्ष, नाकाला रुमाल. मी माशांच्या काचांतून त्यांच्याकडे पाहिलं. ते काही न बोलता जिन्यानं खाली गेले. लिफ्टसुद्धा लावली नाही.

पुढचं सोपं होतं. कांदा-खोबरं भाजलं, वाटलं, तेल हात न आखडता घातलं, मटण शिजलं. काळपट रश्श्यावर बोटभर तर्री आली. चव घ्यायचं धाडस झालं नाही, पण दिसायला ते अगदी नागपूरचं होतं.

तिखट मोजायची पद्धत 1912 मध्ये विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं काढली. मिरचीच्या अर्कात साखरेचं पाणी ओतत जायचं, तिखट लागेनासं होईपर्यंत. आमच्या आईची आमटीची रीत हीच, फक्त तिच्या नावानं कुणी एकक काढलं नाही. आणि मिरची जिभेला चक्क चटका कशी वाटते, ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. 43 अंशांच्या आसपासची उष्णता ओळखणारी जी यंत्रणा शरीरात आहे, तीच मिरचीनंही चाळवते. नागपूरचा पारा मे महिन्यात त्याच्याही वर जातो. तिथल्या जिभेला हे रोजचं हवामान वाटत असणार.

पानं वाढली. सासूबाईंनी वाटीतल्या तर्रीकडे पाहिलं.

"मिरची किती टाकली?"

"मूठभर."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या. मग त्यांनी भात आणि दही मागून घेतलं, गुडघे दुखतात म्हणून.

सासरे मात्र मागे हटणाऱ्यांतले नव्हते. पहिला घास घेतला आणि त्यांचं टक्कल चमकायला लागलं. मीही घेतला. कानात शिट्टी वाजली. त्यांनी पाणी मागितलं नाही, म्हणून मी मागितलं नाही. मी पाणी प्यायलो नाही, म्हणून ते प्यायले नाहीत.

"पुण्यात गरम होऊन राहिलं," ते म्हणाले. डिसेंबर होता.

"हो, यंदा जरा जास्तच," मी म्हणालो. दोघांच्याही डोळ्यांतून धारा. मुलगी आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती. तिनं दोनदा रस्सा मागून घेतला.

रात्री दोनच्या सुमाराला पोटात भट्टी लागली, तसा मी अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात गेलो. फ्रीज उघडाच होता. त्याच्या उजेडात, बनियनवर, सासरे उभे. हातात दह्याचं भांडं, मिशीला साय.

"काही नाही," ते म्हणाले, "दही लागलं का, ते पाहून राहिलो होतो."

मी भांड्यात डोकावलो. तळ दिसत होता.

"लागलं?"

"लागलं," ते म्हणाले, आणि पोटावरून हात फिरवत दुधाची पिशवी माझ्याकडे सरकवली.