सोफ्याच्या तुकड्यांवर हात का बसत नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या कार्डपाकिटासाठी मी झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं सुचवलं, ते नवशिक्याला महाग पडतं. जुन्या सोफ्याचे नाहीतर जॅकेटचे तुकडे फुकट मिळतात, त्यांवर शिकावं आणि वाचलेल्या पैशांत चामडेकामाच्या हत्यारांचं पूर्ण किट घ्यावं, असं तुमचं म्हणणं. शिवाय शिवणीची भोकं पाडायच्या दातेरी छिन्नीबाबत तुम्ही माझी चूक दाखवलीत.

ती चूक मान्य. चार दातांची एकच छिन्नी पुरेल असं मी लिहिलं होतं. सरळ शिवणीला ती पुरते, पण गोल कोपऱ्यावर दोन दातांचीच लागते. मजकूर दुरुस्त केला आहे.

सोफ्याच्या चामड्याचं मात्र मला पटत नाही. ते बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, मऊ आणि ताणलं जाणारं असतं. पट्टी लावून कापायला जावं तर पात्यापुढे सरकतं, रेघ वाकडी जाते. कडा ओलावून लाकडाने कितीही घासा, तकाकी चढत नाही, तंतू पिंजारलेलेच राहतात. टॅनिनच्या चामड्याची कडा तेवढ्याच घासण्याने गुळगुळीत होते. शिकणाऱ्याला हा फरक ठाऊक नसतो, त्याला वाटतं आपल्याच हातात कसब नाही. माझं पहिलं पाकीट जॅकेटच्या बाहीचं होतं. कडा घासून बोटं दुखली आणि मी वर्षभर हे काम सोडून दिलं. हे दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून एवढं लिहिते आहे.

पैसे वाचवायचे तर पूर्ण कातडं घेऊ नका. 1 ते 1.2 मिलिमीटर जाडीचा, ए4 कागदाएवढा तुकडा एका कार्डपाकिटाला पुरतो. पोटाकडचा भाग स्वस्त मिळतो, पण ताणतो. खांद्याचा किंवा पाठीचा मागा.

किटमधले नक्षीचे ठसे या पाकिटाला लागतच नाहीत. कटर आणि भरपूर नवी पाती, पोलादी पट्टी, छिन्नी, बोथट टोकाच्या दोन सुया आणि मेण लावलेला पॉलिस्टरचा 0.6 मिलिमीटरचा दोरा, एवढं घ्या. ठोकायला लाकडी किंवा नायलॉनची मोगरी, कारण लोखंडी हातोडीने छिन्नीचं डोकं पसरतं.

तुमचे तुकडे वाया जाणार नाहीत. दोन थर चिकटवून त्यांवर दोन सुयांच्या शिवणीचा सराव खुशाल करा. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, म्हणून एक टाका तुटला तरी बाकीची शिवण सहसा उसवत नाही. मुद्दाम एक टाका कापून ओढून बघा.