नोंदलेले गुन्हे आणि घडलेले गुन्हे

पुण्याला मिळालेल्या 'सुरक्षित शहर' या बिरुदावर शंका घेणारा माझा लेख वाचून तुम्ही विचारलंत, "सरकारी आकडेही मानायचे नाहीत, तर विश्वास ठेवायचा कशावर? पुणं देशात दुसरं सुरक्षित शहर ठरलं, तर तुमच्या पोटात का दुखतं?" रागाने लिहिलंत, तरी प्रश्न रास्त आहे.

माझं आयुष्य पुण्यातच गेलंय. आक्षेप आकड्यांना नाही, त्यांच्यावर चिकटवलेल्या 'सुरक्षित' या शब्दाला आहे. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या अहवालात दर लाख लोकसंख्येमागे भारतीय दंड संहितेखालचे दखलपात्र गुन्हे (ज्यांत पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) कोलकात्यात ८६.५, पुण्यात २८०.७ आणि हैदराबादेत २९९.२ आहेत. दर कमी, म्हणून शहर सुरक्षित, असा हा हिशेब. पण हे नोंदलेले गुन्हे. घडलेले किती, ते यातून कळत नाही.

माझ्या बहिणीचा मोबाईल बसमध्ये कुणीतरी पर्समधून काढून घेतला. पोलीस ठाण्यात सांगितलं, "चोरी कशाला, 'गहाळ' लिहा, दाखला लगेच मिळेल." तिला नवं सिमकार्ड हवं होतं, तिने लिहिलं. शहराच्या हिशेबात ती चोरी झालीच नाही. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे, तरीही.

बायकांवरच्या अत्याचारांत तर ही दरी भयंकर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. त्यातही बहुतेकींनी माहेरच्यांकडे किंवा सासरच्यांकडे. पोलिसांपर्यंत गेलेल्या फारच थोड्या. आता एखाद्या ठाण्याने अशा बाईला नीट बसवून तक्रार लिहून घेतली, तर त्या ठाण्याचा आकडा वाढतो आणि मथळा त्या शहराला असुरक्षित म्हणतो. चांगलं काम करणाऱ्यांनाच बट्टा लागतो, याचा मला संताप येतो. गुन्हे वाढणं आणि नोंद वाढणं वेगळं, हे एनसीआरबी स्वतः बजावते. बातमीत ते वाक्य येत नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. शहरांचे हे दर २०११ च्या जनगणनेवर काढले आहेत. पुणं तेव्हापासून किती फुगलंय ते आपण बघतोच, म्हणजे पुण्याचा खरा दर छापलाय त्याहून कमी असणार. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

मग विश्वास कशावर? खुनांच्या आकड्यांवर बराच ठेवता येतो; प्रेत 'गहाळ' लिहून दडपणं सोपं नाही. वाहनचोरीवरही, कारण एफआयआरशिवाय विम्याचे पैसे मिळत नाहीत. हे दोन आकडे सलग काही वर्षांचे काढून शहरांशेजारी शहरं ठेवा. पुणं तिथेही सुरक्षित ठरलं, तर मी इथेच आनंदाने लिहीन.